पदराखालची बॅटरी

मी मिश्रीलालशेठच्या घरातली बॅटरी बोलतेय. उजेड पाडणं हे माझं काम. पण माझ्या आयुष्यातली सगळ्यात चांगली संध्याकाळ मी विझून घालवली, तिची ही हकिगत.

घोडेगावच्या बाजारपेठेतल्या शेठच्या दुकानात मी विकायला आले होते. फळीवरून पडून मला पोचा आला, गिऱ्हाईक घेईना, म्हणून शेठनी मला घरी नेलं. वीज गेली की माझी आठवण व्हायची. शेठच्या पत्नी कंचनबाई मात्र मला फार वेळ लावू देत नसत. "उजेडावर किडे येतात आणि मरतात," म्हणत त्या माझ्या काचेवर हात धरत.

पुढं मोबाइलमध्येच दिवे आले आणि मी खणात गेले. सेल पाझरले, स्प्रिंग गंजली. मग बिबट्याची भीती वाढली. मोबाइलचा उजेड अंगणापुरता, माझा पार बांधापर्यंत. शेठनी मला घासूनपुसून उशाशी घेतलं.

तोवर काचबिंदूनं कंचनबाईंची नजर जवळजवळ गेली होती. देवदर्शन असो की लग्न, त्या म्हणत, "तुम्ही जा. मला काय दिसणार?" घराबाहेर पडणंच त्यांनी सोडलं.

एकदा नात रिंकूला त्या सांगत होत्या, "लग्न होऊन आले तेव्हा आम्ही शिनोलीला राहायचो. उन्हाळ्यात घरामागं रातवा पक्षी ओरडायचा. फरशीवर गोटी पडून टपटपत थांबावी, तसा."

"मग ऐकायलाच जाऊ की, दादी! तिथं कुठं बघायचंय?"

कंचनबाई म्हणाल्या, "येते. पण काही ऐकू आलं नाही, तर पुन्हा मला कुठं चला म्हणायचं नाही."

दिवस बुडायच्या आत जेवणारं जैन घर ते, नंतर पाणीसुद्धा नाही. खिचडी आटोपली, पाणी पिऊन झालं. "बरं आहे आपलं," सून डिंपल म्हणाली, "ना डबा, ना बाटली." तिनं गाडी काढली. शेठनी फक्त मला घेतलं.

शिनोलीच्या पुढं शेठच्या ओळखीच्या कुशाबाचा माळ आहे. कुशाबा वाटेतच उभा होता. माझ्याकडं बघून हसला. "शेठ, पाखरं ऐकाया आलाय का चोर धराया?"

"बिबट्या आला म्हणजे?"

"तुमाला बगून त्योच पळंल. बसा निवांत."

सगळे सतरंजीवर बसले. अंधार दाटला. लांबून एकदाच 'टक्' झालं. कंचनबाईंनी मान वर केली. तेवढ्यात झुडपात खसपसलं आणि शेठनी मला लावलं. माळभर उजेड! समोर कुशाबाचं कुत्रं शेपूट हलवत उभं होतं.

"अहो बाबा!" डिंपल कुजबुजली.

आवाज बंद पडला. बराच वेळ काहीच नाही. शेठची बोटं माझ्या बटणावरच होती. कंचनबाईंनी चाचपत त्यांचा हात शोधला.

"द्या ती इकडं. तुमच्या उजेडाचा मला काय उपयोग?"

"अगं, पण भीती..."

"मी आहे ना."

त्यांनी मला मांडीवर घेऊन वर पदर टाकला. मला काही दिसेना. त्यांचा श्वास तेवढा ऐकू येत होता. एका रातकिड्याशिवाय माळावर आवाज नव्हता. डिंपलच्या हातात गाडीची किल्ली हळूच किणकिणली.

आणि अगदी जवळून सुरू झालं. टक्, टक्, टक्, टकटकटकटक... गोटी थांबली. कंचनबाईंचा हात माझ्यावर घट्ट झाला.

"तोच," त्या म्हणाल्या. "आणि नाल्याच्या अंगाला दुसरा आहे."

"कुठंय गं?" शेठ अंधारात विचारत राहिले. त्यांना काही दिसत नव्हतं, रिंकूलाही नाही. त्या माळावर सगळ्यांची नजर सारखीच होती.

परतताना कंचनबाईंनी विचारलं, "मढ गावाच्या बाजूला घुबडं असतात ना गं, डिंपल? कधी जायचं?"

आता मी त्यांच्याच पिशवीत असते. पोचा आहे तसाच, स्प्रिंग कुरकुरते. वाटेवर काटा-खड्डा दाखवायला मला जरूर बरोबर न्या. पण जागेवर पोचलात की कुणाच्या तरी पदराखाली ठेवा. तिथं मला फार बरं वाटतं.