चार वाजताचा पाहुणा

बाळाजीकाकांच्या घरात इतकी शांतता, इतकी शांतता, की भिंतीवर पाल चुकचुकली तरी काका "आलो, आलो" करत दार उघडायला जायचे. त्र्यंबकेश्वरला भाविकांसाठी चार खोल्या होत्या त्यांच्या. माणसं यायची, दर्शन करायची, चावी टेबलावर ठेवून निघायची. इंदिराकाकू होत्या तेव्हा नुसती चावी द्यायला अर्धा तास लागायचा. त्यांना जाऊन दोन वर्षं झाली.

खोल्यांची वेबसाइट पुतणी मृण्मयी नाशिकहून सांभाळायची. त्यात सगळ्यात वर काकूंचा फोटो. दारात उभ्या, हातात चहाचा ट्रे, रागावता रागावता हसू फुटलेलं.

"काका, तिथे खोलीचा फोटो टाकू या," मृण्मयी म्हणाली. "काकूंकडे कोणी बघतच नाही हो."

"तुला काय ठाऊक?"

"वेबसाइटवर आलेले लोक काय बघतात ते दाखवणारी तीन टूल्स लावलीत, पंधरा दिवस फुकट. तुम्हीच बघा आणि एक निवडा. ते सांगेल तसं करू."

पहिल्यात लोक बोट लावतील तिथे लाल, बाकी सगळं निळं. काकू निळ्याशार! काकांनी ते बंदच करून टाकलं. दुसऱ्यात लोक पान कुठवर सरकवतात ते दिसायचं. सगळे काकूंना ओलांडून थेट 'गरम पाणी मिळेल' पाशी.

तिसऱ्यात मात्र आलेल्याची अख्खी भेट व्हिडिओसारखी चालायची. माणूस दिसत नाही, त्याच्या बोटाचा ठिपका तेवढा फिरतो. आणि तिथे रोज दुपारी चारला कोणीतरी यायचं! ना खोल्या बघायचं, ना गरम पाणी. काकूंचा फोटो मोठा करायचं आणि थांबायचं. एकदा तर ठिपका तेवीस मिनिटं हनुवटीपाशी बसून होता.

काका रोज सकाळी आदल्या दिवसाची भेट लावून बसायला लागले. कोण असेल? काकूंचा वणीचा मानलेला भाऊ? की ती बाई, जिचं बाळंतपण काकूंनी ऐन गर्दीत जिन्यात केलं होतं? मुलगा झाला होता तिला. काकांच्या सांगण्यात त्याची जुळी झाली, अलीकडे प्रकरण तिळ्यांवर गेलं होतं.

रविवारी मृण्मयी आली. काकांनी ऐटीत फोन पुढे केला. "बघ! म्हणे कोणी बघत नाही."

तिने बघितलं. मग हळूच म्हणाली, "काका, हा पाहुणा ज्या फोनवरून येतो, तो तुमचाच आहे."

"छे! मी तर नुसता उघडतो, कोणी आलं का बघायला."

"किती वाजता?"

काकांचा दुपारचा चहा चारला व्हायचा.

"बाकीच्या दोन्हींत आपले फोन वगळले होते मी. इथे राहून गेलं. थांबा, वगळायला एकच बटण आहे."

काकांनी स्क्रीनवर पंजा ठेवला. "हेच टूल घे."

"अहो, हे चुकीचं दाखवतंय!"

"चुकीचं कसं? आलेलं माणूस दाखवतंय."

"एकच माणूस, काका."

"मग? एक तरी."

मृण्मयीने बटण दाबलं नाही. फोटो राहिला.

सोमवारी चारला काकांनी चहा गाळला, फोन हातात घेतला आणि उघडण्याआधी केसांवरून हात फिरवला. ठिपक्याला केस नसतात, ठाऊक होतं त्यांना. पण उद्या सकाळी कोणीतरी बघणार होतं.