निळ्या बांधणीचं पुस्तक

टाळ्या वाजल्या तेव्हा देवमन तायडे उभा होता, आणि टाळ्या त्याच्यासाठीच होत्या.

अमरावतीच्या एका कॉलेजातली संगणकाची खोली. गावोगावच्या वाचनालयांतून आलेली माणसं, बहुतेकांची डोकी पिकलेली. वाचनालयाचा कारभार इंटरनेटवर कसा न्यायचा ते शिकायला सगळ्यांना बसवलं होतं. त्यात अकोल्याच्या जठारपेठेतल्या वाचनालयाचा हा सहायक, निवृत्तीला टेकलेला, सगळ्यांच्या आधी मोकळा झाला. वाचकांची नावं, फोन, कोणाकडे कोणतं पुस्तक, अशी सगळी यादी त्याने वर चढवली आणि हिरवं बटन दाबलं. मुदत संपलेल्या प्रत्येक वाचकाला आपोआप मेसेज.

"पाहा, तायडेकाकांनी करून दाखवलं!" शिकवणाऱ्या प्रणाली मॅडम म्हणाल्या.

"तायडे, आता च्या तुमच्याकडून," शेजारी बसलेले भातकुलीचे श्रावणराव म्हणाले. "आमी तं अजून पासवर्डातच अटकून राहिलो."

देवमन हसला. खुशालरावांना सांगायला हवं, असं त्याच्या मनात आलं. खुशालराव म्हणजे वाचनालयाचे अध्यक्ष. त्यांनी निघताना बजावलं होतं, शिकून या, नाहीतर आपल्याला नवीन माणूस पाहावा लागते. आता काय म्हणतील? तो खाली बसला, चष्मा पुसला, आणि गेलेले मेसेज एकेक करून वाचू लागला. आपण पेरलेलं उगवलं की शेतकरी बांधावरून पाहतो, तसा.

वाचता वाचता—

*प्रिय वाचक रश्मी, आपण नेलेले "नवऱ्यापासून विभक्त होताना : कायदा काय सांगतो" हे पुस्तक परत करण्याची मुदत संपली आहे. कृपया त्वरित परत करावे.*

आणि त्याखाली फोन नंबर. विपुलचा. तिच्या नवऱ्याचा.

*पोहोचला.*

हे कसं झालं ते देवमनला समजावून सांगायची गरज नव्हती. सदस्याच्या अर्जात फोनचा रकाना असतो. बायकांच्या नावापुढे नवऱ्याचा नंबर लिहायचा, ही आपल्याकडची रीत. रश्मीजवळ तर फोनच नव्हता. तो नंबर वर्षानुवर्षं तिथे नुसता पडून होता, त्याने कधी कोणाचं वाईट केलं नव्हतं.

आणि पुस्तकाचं नाव? तेही कोणाला दिसत नसे. वाचनालयातलं प्रत्येक पुस्तक देवमन स्वतः बांधायचा. मूळ मुखपृष्ठ काढायचं, पुठ्ठा घालायचा, वर निळं कापड, पाठीवर पांढऱ्या रंगात नुसता क्रमांक. कादंबरी असो, पाककृती असो की कायदा, सगळी पुस्तकं बाहेरून एकसारखी. सासूने हातात घेतलं तरी तिला निळं कापडच दिसणार. रश्मी एकदा भर मे महिन्यात पूर्ण बाह्यांचं ब्लाउज घालून आली होती. कपाटासमोर बराच वेळ उभी राहिली आणि म्हणाली, "काका, हे मले पायजे." देवमनने पुस्तक पाहिलं, बाह्या पाहिल्या, नोंद केली. एक शब्द विचारला नाही. मुदत संपली तेव्हाही विचारला नाही. वाचू दे, चोरून वाचायला वेळ लागतो.

एवढं सगळं झाकून ठेवलं, आणि आज टाळ्यांच्या गजरात—

"मॅडम."

"बोला काका."

"हे वापस बोलावता येते काय? एकच मेसेज."

"नाही हो. कंपनीकडून गेला की गेला. का, काही चुकलं?"

"समोरच्यानं पाह्यला का नाही, ते समजते?"

"समजतं ना. पोहोचला म्हणजे फोनमध्ये गेला. उघडला की वाचला असं दिसतं. पान ताजं करत राहा."

देवमनने पान ताजं केलं.

*पोहोचला.*

विपुल कापूस बाजारात दिवाणजी. सकाळी लिलाव चालतो, गाड्यांची रांग, वजनकाटा, आरडाओरडा. फोन खिशात वाजतो, पाहायला फुरसत नसते. पण लिलाव काही दिवसभर चालत नाही.

*पोहोचला.*

"तायडे, घाम काहून येऊन राहिला तुमाले? पंखा तं चालू हाय."

*पोहोचला.*

विहिरीत पडलेली बादली दिसते आहे, दोर हातात नाही. देवमनला काहीच सुचेना. आणि मग सुचलं ते भलतंच.

मॅडमनी सकाळी एक गोष्ट तीनतीनदा सांगितली होती. यादी क्रमाने लावताना सगळे रकाने एकदम निवडा. एकच रकाना क्रमाने लावला तर नावं जागेवर राहतील आणि पुस्तकं भलत्याच्या पुढे जातील, सगळा सत्यानाश.

देवमनने पुस्तकांचा एकच रकाना निवडला.

संगणकाने विचारलं, शेजारचे रकाने सोडून फक्त हाच लावायचा का?

हो.

जुनी यादी पुसून ही चढवायची का?

हो.

मेसेज कोणाला? मुदत संपलेल्यांना की सर्व सदस्यांना?

सर्व.

त्याने हिरवं बटन दाबलं. खोट्यात खरं लपवायचं असेल तर खोटं पुष्कळ लागतं.

पहिला फोन खुशालरावांचा. देवमन खोलीबाहेर गेला.

"तायडे! मले गरोदरपणातली काळजी पाठोली तुमी! म्हने पुस्तक वापस करा. घरात हसून राहिले सारे!"

"चूक झाली साहेब."

"माणिकबाईचा फोन आलता, तिले कुस्तीचे डावपेच! महाराजाले, अरे आपल्या कीर्तनकार महाराजाले कोंबडीपालन! तुमाले शिकाले पाठोलं का वाचनालयाची इज्जत काढाले?"

"माहं चुकलं. माह्या हातून एकच रकाना हालला."

"यादी दुरुस्त होईन ना?"

"जुनी पुसली."

मग हळू आवाजात, आणि हळू म्हणूनच वाईट, खुशालराव म्हणाले, "घरीच राहा आता, तायडे."

देवमनला वाईट वाटायला हवं होतं. वाटेल नंतर. तो आत येऊन खुर्चीत बसला.

रश्मीच्या नावापुढे आता दोन ओळी होत्या. जुना मेसेज, नवा मेसेज.

*वाचला.*

*वाचला.*

आणि लगेच हातातला फोन थरथरला.

"तायडे काका, मी विपुल बोलून राहिलो."

"बोल ना बाप्पा."

"हे काय लावलं तुमी? आमच्या बाईच्या नावावर दोन मेसेज. एकात विभक्त का काय ते लिवलं, एकात शेळीपालन."

"अरे, सारं उलटंसुलटं झालं. शहरभर चुकीचे मेसेज गेले. आमच्या अध्यक्षाले तं गरोदरपण गेलं."

विपुल मोकळेपणाने हसला. देवमनही हसला, त्याच्या बरोबरीने, थोडं जास्तच.

"मंग खरं कोनतं पुस्तक हाय तिच्यापाशी?"

"पाककृती असन काहीतरी. बाया तेच नेतात."

"असन ना," विपुल म्हणाला. आवाजातलं हसू संपलं होतं. "जेवाले घरी चाललोच हाय. उघडून पाह्यतो."

फोन बंद.

पाठीवर क्रमांक आहे, पण आतलं पहिलं पान? त्यावर छापलेलं नाव कोणत्या कापडाने झाकणार?

देवमनने लगेच घरी फोन लावला. त्याची बायको इंदूबाई चुलीवरचं उतरवत होती. दोन गल्ल्या सोडून विपुलचं घर. देवमनने तिला काय सांगितलं ते त्याला स्वतःलाही नीट समजलं नसेल, पण तिला समजलं.

"पुस्तकाची पाठ निळी, आकडा पांढरा. वाचनालयाची मोजणी हाय म्हन. अन् घेऊन निंघ."

"तिची सासू दारातच बसते ना वो."

"म्हनून तं तुले सांगून राहिलो. फोन बंद करू नोको, पिशवीत टाक तसाच."

आता देवमन अमरावतीच्या कॉलेजच्या व्हरांड्यात, आणि त्याचा कान जठारपेठेत. पिशवीचं कापड खरखरलं. चपला. कुत्रं. कोणीतरी विचारलं, कुठं चालल्या तायडीनबाई? पुन्हा चपला, आता भरभर.

"कोन व्हय?" ही सासू, दुर्गाबाई.

"मी, वाचनालयातल्या तायडेची. पुस्तकं जमा करून राहिली, मोजणी हाय."

"घेऊन जा माय, घेऊन जा! इच्या डोक्शात पुस्तक अन् तव्यावर पोळी जळते. रश्मे! पुस्तक आन ते!"

"माहं व्हायचं हाय अजून," दुरून आवाज.

"व्हायचं काय हाय? कोनती परीक्षा हाय तुही? लोकाची वस्तू हाय, दे!"

पावलं आत गेली. बराच वेळ काही नाही. देवमनने डोळे मिटले. ही देत का नाही? पोरी, दे. दे.

पावलं बाहेर आली. पिशवीत काहीतरी जड पडलं आणि त्याच्या कानात दणका बसला. सुटली. बाप्पा, सुटली पोरगी.

"मी कोपऱ्यावरून कोथमीर घेऊन येते, आई."

चपलांचे दोन जोड. मग पिशवी उघडली, आवाज एकदम मोठा झाला. "बोल, काका हायत फोनवर," इंदूबाई कुजबुजली.

"काका, त्याईले समजलं काय?"

"मेसेज माह्याच हातानं गेला, पोरी. मंग सारं गढूळ केलं. तो जेवाले येऊन राहिला. घरात पुस्तक सापडलं नाही तं तुले काही—"

"पन माहं मधातच राहिलं ना काका."

"पुन्हा देईन. मी सोता आनून देईन."

"आता मले कोन येऊ देते वाचनालयात?"

पुस्तक घराबाहेर निघालं की पोरगी सुटली, असं देवमनने धरलं होतं. ती ते कशासाठी नेत होती, हेच त्याच्या हिशेबातून निसटलं होतं. आणि वाचनालयात तर उद्या त्यालाही कोणी येऊ देणार नव्हतं.

"अर्ज कोनापाशी द्याचा तेच पान पुढं होतं," रश्मी म्हणाली. "त्यात काय लिवलं हाय, तुमाले मालूम हाय काका?"

आयुष्यभर पुस्तकं बांधलेल्या माणसाने खाली पाहिलं.

"नाही पोरी. मी वाचलं नाही ते."

"काकू, द्या इकडं. दोन मिन्टं."

"अवं, तो येईन—"

पानं फडफडली. पुढे गेली, मागे आली, पुन्हा पुढे. आणि रश्मी वाचायला लागली. शाळेत उभं करून वाचायला लावावं तशी, घाईघाईने, श्वास न घेता.

"पीडित स्त्रीने संरक्षण अधिकाऱ्याकडे तक्रार द्यावी. तक्रार तोंडी दिली तरी चालते. संरक्षण अधिकारी ती लिहून घेईल व तिची प्रत विनामूल्य देईल. तिच्या वतीने दुसरी कोणतीही व्यक्ती—"

"दुसरी कोणतीही व्यक्ती," देवमन व्हरांड्यातून म्हणाला. आपण मोठ्याने बोलतो आहोत हे त्याला कळलं नाही. "पुढं? थांबू नोको. मी ध्यानात ठेवून राहिलो."

"—तिच्या वतीने दुसरी कोणतीही व्यक्ती न्यायदंडाधिकाऱ्याकडे अर्ज करू शकते. पीडित स्त्रीला राहत्या घरातून—"

"न्यायदंडाधिकाऱ्याकडे. राहत्या घरातून."

"पोरी, गाडी," इंदूबाई म्हणाली.

मोटरसायकलचा आवाज देवमनलाही ऐकू आला. आधी बारीक, मग गल्लीभर.

"त्याचीच हाय, पोरी. दे ते. टाक पिशवीत," इंदूबाईने घाई केली.

"राहत्या घरातून कायद्याने ठरवून दिलेल्या मार्गाशिवाय बाहेर काढता येत नाही, मग ते घर तिच्या नावावर असो वा नसो," रश्मी वाचत होती. आवाज जरा चढला होता, गाडीच्या वर जावा म्हणून, आणि अमरावतीत देवमन एकेक शब्द तिच्यामागून म्हणत होता.