चार दिवस मागे पडलेली बरणी

दोऱ्याला पाण्याने काठोकाठ भरलेली बादली लटकत होती. दोरा बुटाच्या नाडीहून बारीक, काळाकुट्ट. पण तुटेल तर शपथ! मग दोरेवाल्या महाराजांनी तोच दोरा बॅटरी आणि इवल्याशा दिव्याच्या मध्ये जोडला. दिवा मिणमिणला आणि अख्ख्या सभागृहाने हात जोडले.

"दोरा जिवंत आहे, लेकरांनो! मनगटाला बांधा, सकाळ-संध्याकाळ सोड्याच्या गरम पाण्यात हात बुडवा. पीडा काळी होऊन पाण्यात उतरेल, दोरा आपोआप गळेल. गळला की गोळ्या फेका!"

"मावशी, हा तर आपल्या पडद्याचा दोरा!" भिंगरी पुटपुटली.

"गप गं, दीडशहाणे! पडद्याला फेफरं येतं का?" मावशी खुदकन हसली आणि तिने मनगट पुढे केलं. लहानपणापासून फेफऱ्याच्या गोळ्या गिळून ती कंटाळली होती.

भिंगरीची आई कारखान्यात जखमेचे टाके घालायचा दोरा बनवायची. टाकाऊ रीळ भंगारात जायचं. त्यातलंच एक घरी आलं होतं आणि त्याच्याच दोऱ्यावर पडदा टांगला होता.

"अगं, हा विरघळण्यासाठीच केलेला असतो," आई म्हणाली. "ताकद यावी म्हणून त्यात कार्बनच्या नळ्या मिसळतात, केसाहून हजारो पटींनी बारीक. काळा रंग त्यांचा, वीजही त्यांच्यातूनच जाते."

"मग मावशीला सांग ना!"

"सांगितलं. म्हणाली, ताई, तुझा कारखाना तुझ्यापाशी."

मग पुरावाच हवा! बरणी, सोडा, आईकडून चाचणीची रीत, या सगळ्या जमवाजमवीत चार दिवस गेले. पाचव्या दिवशी भिंगरीने पडद्याचा दोरा बरणीत सोडला आणि मावशीसारखंच सकाळ-संध्याकाळ त्यावर सोड्याचं गरम पाणी ओतू लागली.

एकोणिसाव्या दिवशी मावशीचा दोरा गळला. पाणी काळं झालं. मावशी नाचली!

"मावशी, फक्त चार दिवस थांब. माझाही गळणार बघ. तोवर गोळ्या घे. घेशील?"

"घेते गं बाई. तुझी शपथ."

चौथ्या दिवशी बरणीतला दोरा तुटला, तळाशी काळा गाळ बसला. भिंगरी बरणी छातीशी धरून पळत सुटली. मावशीच्या जिन्यापाशी माणसं जमली होती. फेफरं वरच्या पायरीवर आलं होतं. मावशी खाली कोसळली, ती पुन्हा उठलीच नाही.

उशीखाली गोळ्यांची पट्टी सापडली. शेवटच्या चारही दिवसांच्या गोळ्या जागच्या जागी होत्या.

पुढच्या सभेत भिंगरी मंचावर चढली. तिने बरणी उंच धरली.

"या बरणीला कसलाच आजार नव्हता. तरी दोरा गळला, तरी पाणी काळं झालं. बोला महाराज, हिच्यातली कोणती पीडा उतरली?"

पुढच्या रांगेतल्या आजोबांनी मनगटावरचा दोरा कात्रीने कापला. मग ती कात्री हातोहात मागे गेली.

"पुरावा यायला वेळ लागतो हो," भिंगरी म्हणाली. "तो येईपर्यंत प्रश्न विचारा, डॉक्टरांना विचारा. पण गोळी थांबवू नका. माझी मावशी चारच दिवस थांबली असती, तर आज पहिल्या रांगेत बसून मला दीडशहाणी म्हणाली असती."