सतरा नंबरचा बाक

मी बाक बोलतोय. पाच फूट लांब, सागवानी, टेकायला पाठीमागे तीन पट्ट्या आणि दोन्ही बाजूंना हात. दिसायला अगदी साधा. पण साधा म्हणून मला हिणवू नका. माझ्या मागच्या पायाला पितळेची बारकी पट्टी आहे आणि तिच्यावर सतरा हा आकडा कोरलेला आहे. मी कलाकृती आहे. निदान होतो तरी.

चार वर्षं माझ्यावर कोणी बसलं नाही. बाकाची याहून मोठी नाचक्की काय असते?

माझ्या फळ्या सांगलीकडच्या एका जुन्या एसटी स्टँडवरच्या. स्टँड पाडला, तिथे दुकानांची तीन मजली इमारत झाली. नव्या स्टँडवर गाड्या लागतात, पण बसायला तिरके लोखंडी दांडे लावलेत. त्यांच्यावर धड बसता येत नाही आणि धड उभंही राहता येत नाही. पाडापाडी चालू असताना मिरजेची हेमावती तिथे आली. ती शिल्पं करते. तिनं ढिगाऱ्यातून एकेक फळी हातानं चाचपून निवडली आणि टेम्पोत घालून शहाजी सुतारांकडे नेली.

"शहाजीकाका, रंधा मारू नका. माणसं बसून बसून जे गुळगुळीत झालंय ते तसंच राहू दे."

"रंधा मारायचा नाही तर मला कशाला बोलावलंस, पोरी?" शहाजीकाका कुरकुरले. पण त्यांनी अशा सुंदर खाचा पाडल्या की एकही खिळा न ठोकता मी उभा राहिलो. काम संपल्यावर ते माझ्यावर बसले आणि निवांत तंबाखू मळली. पुढची चार वर्षं त्या आठवणीवर काढावी लागणार हे तेव्हा मला ठाऊक नव्हतं.

हेमावतीनं मला एका फिरत्या प्रदर्शनात दिलं. बावीस कलाकृती, सगळ्यांचा विषय शहर, आणि दर काही महिन्यांनी नवं गाव. माझ्या शेजारी पाटी लागली, 'शहरातली बसायची जागा कुठे गेली?' आणि तिच्याच खाली बारीक अक्षरात, 'कृपया कलाकृतीवर बसू नये.' हेमावती खूप भांडली. पण विमा कंपनीनं सांगितलं, लोक बसणार असतील तर विमा नाही. आणि विम्याशिवाय प्रदर्शन नाही. शेवटी माझ्याभोवती दोरी आली.

पुणे झालं, बडोदा झालं, बंगळूर झालं. प्रदर्शन पाहून पाहून थकलेली माणसं माझ्यासमोर उभी राहत, कंबरेवर हात ठेवून पाटी वाचत, "खरंच, हल्ली बसायला जागाच नाही," म्हणत आणि लंगडत पुढे जात. मला इतका राग यायचा! माझ्या अंगाला जीभ असती तर मी ओरडलो असतो, अहो, मी काय भिंत आहे का?

या फिरतीत मला एक गोष्ट कळली. प्रदर्शनाला नेहमी शहरानं टाकून दिलेली जागा मिळते. बंद गिरणी, पडकी वखार, असं काहीतरी. आम्ही येणार म्हटल्यावर महिनाभर आधी खड्डे बुजतात, फुटपाथ होतो, दिवे लागतात. उद्घाटनाला कोणीतरी भाषणात सांगतो की कलेमुळे शहराचा विकास होतो. टाळ्या पडतात. मग आम्ही पेट्यांत शिरतो, आणि पुष्कळदा दिवेही आमच्यामागून निघून जातात. नंतर तिथे कोण राहायला येतं आणि कोणाला उठावं लागतं, हे विचारायला कोणी थांबत नाही. प्रदर्शन तेव्हा पुढच्या गावी खिळे ठोकत असतं.

मग आम्ही चेन्नईला आलो. पेरुंगुडीच्या मागच्या अंगाला कालव्याकाठी कागदाचं एक जुनं गोदाम आहे, तिथे. समोर काचेची ऑफिसं, मागे लहान घरांची वस्ती. वस्तीतल्या लोकांना बस धरायची तर मोठ्या रस्त्यापर्यंत पंचवीस मिनिटं उन्हातून चालावं लागायचं. प्रदर्शनासाठी म्हणून फुटपाथ झाला आणि गोदामाच्या दारातच बसचा तात्पुरता थांबा आला. निळा खांब, त्यावर पाटी. बस.

पहिल्याच आठवड्यात पाऊस झाला आणि गोदामाचं छप्पर नेमकं माझ्या डोक्यावर गळायला लागलं. चौघांनी उचलून मला दोरी आणि पाटीसकट दाराबाहेरच्या पडवीत ठेवलं. तिथून निळा खांब दहा पावलांवर होता. माझी राखण करायला राजसबाईंना नेमलं.

राजसबाई तंजावरकडच्या मराठी घरातल्या, पन्नाशी उलटलेल्या, कपाळावर ठसठशीत कुंकू आणि केसांत मोगरा. त्यांची मराठी ऐकून मी आधी दचकलोच. शब्द आपले, हेल तमिळ. त्यांचे यजमान सेतुमाधव निवृत्त कारकून. मूत्रपिंडं अधू झालेली, त्यामुळे आठवड्यातून तीनदा अड्यारच्या दवाखान्यात रक्त शुद्ध करून घ्यायला जायचे. मोठ्या रस्त्यापर्यंत चालणं त्यांना झेपत नव्हतं. नवा थांबा झाल्यापासून ते आपले आपण जाऊ लागले होते आणि त्याचा त्यांना फार अभिमान होता.

पहिल्या दिवशी ते खांबाला धरून उभे होते. पाय थरथरत होते. राजसबाईंनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि दोरीचा हूक काढला.

"हिकडे येऊन बसा की."

"बसू नको म्हणून लिवलं अहे," सेतुमाधव पाटीकडे बोट दाखवत म्हणाले.

"तेनी लिवले. बाक काही बोलला नाही नं?"

ते बसले. काय सांगू तुम्हाला! चार वर्षांनी माझ्या फळ्यांवर माणसाचं वजन आलं. माझा सांधा न् सांधा कुरकुरला आणि मला रडू येईल की काय असं वाटलं.

"बाक करायचं आणि बसाला नको म्हणायचं," सेतुमाधव म्हणाले, "ही कला मज समजत नाही बाई."

मग दोरी अडकवायला राजसबाई विसरूच लागल्या. शाळेच्या बाई बसल्या, ऑफिसात झाडलोट करणाऱ्या बायका बसल्या, डबे पोचवणारे हेल्मेट मांडीवर घेऊन बसले. डोक्याच्या खोबरेल तेलाचे डाग माझ्या पाठीला पडले. उजव्या हातावर सेतुमाधवांच्या तळव्यानं काळपट चकाकी आली. सोमवारी प्रदर्शन बंद असायचं आणि तपासणीला हरिणी यायची. त्या दिवशी मात्र राजसबाई मला लख्ख पुसून दोरीच्या आत ठेवायच्या.

हरिणी प्रदर्शनातल्या वस्तूंची नोंद ठेवणारी मुलगी, चष्मेवाली आणि चटपटीत. तीही तंजावरी मराठी घरातलीच, पण आजी गेल्यापासून तिच्या तोंडी सगळी तमिळ आणि इंग्रजी. तिनं राजसबाईंना एक वही दिली होती. वस्तू कशी आहे ते रोज लिहायचं. राजसबाईंनी मनापासून लिहिलं. तमिळ अक्षरांत, आपल्या घरच्या मराठीत. हरिणी दर सोमवारी पहिली ओळ वाचायची, 'बाक बरा अहे,' आणि खाली सही ठोकायची. पुढचं वाचायला तिला कधी सवड झाली नाही.

मग आयुधपूजा आली. त्या दिवशी इकडे ज्याच्या जिवावर आपलं काम चालतं त्याला सुट्टी देतात आणि त्याची पूजा करतात. थांब्यावर आलेल्या बसच्या काचेला हार होता. गोदामातली शिडी, ड्रिल, राजसबाईंचा झाडू, सगळ्यांना गंध लागलं. मग त्या माझ्याजवळ आल्या. पाठीच्या मधल्या पट्टीवर तीन बोटं चंदन ओढलं, मध्ये कुंकू टेकवलं आणि हात जोडले. माझी आजवर पुष्कळ भाषणांत स्तुती झाली होती, पण मला कोणी नमस्कार केला नव्हता.

चंदन सुकलं, कुंकू मात्र रंधा न मारलेल्या लाकडात मुरलं. पुसून जाईना.

त्याच आठवड्यात खांबावर एक कागद चिकटला. सेतुमाधवांनी तो चष्मा वर करून मोठ्यानं वाचला. प्रदर्शन संपताच तात्पुरता थांबा बंद होईल, कारण प्रदर्शनाच्या पाहुण्यांखेरीज इथे कोणी प्रवासी थांबत नाहीत.

"कोणी थांबत नाहीत?" ते माझ्यावर धपकन बसले. "मग हे दोन महिने मी कोण होतो? भूत?"

त्या दिवशी ते दवाखान्यात गेले, पण बस वळेपर्यंत खिडकीतून त्या कागदाकडे बघत राहिले. थांबा गेला की पुन्हा कोणीतरी पोचवायला हवं, कोणाच्यातरी वेळेकडे डोळे लावायला हवेत. राजसबाई पदराच्या टोकानं माझा हात पुसत राहिल्या.

शेवटचा दिवस. मिरजेहून हेमावती आली. माझी पेटी उघडली, आत फोमच्या गाद्या. हरिणीनं बॅटरी आणि भिंग घेऊन मला तपासलं आणि तिचा चेहरा उतरत गेला. तेल, चकाकी, ओरखडे आणि कुंकू. तिनं मोजून अकरा दोष काढले.

"राजसबाई, हे काय? अय्यो, हे सगळं कधी झालं?" तिनं तमिळमध्ये विचारलं.

"वहीत लिवलं अहे की, मा. तूच सही केलीस."

हरिणीनं वही उघडली. हेमावतीला ती अक्षरं वाचता येत नव्हती, म्हणून ती म्हणाली, "मोठ्यानं वाच." हरिणी अडखळत वाचू लागली. अक्षरं तमिळ होती, पण तोंडातून मराठी बाहेर पडत होती.

"मंगळवार. बाक बरा अहे. अमचे घरचे सकाळी नऊला बसले. बसला उशीर, अर्धा तास. बुधवार. बाक बरा अहे. शाळेच्या दोघी टीचर बसल्या, एकीचे पाय सुजलेत, पावम्, बिचारी. गुरुवार. नऊ ते दहा, सात जण बसले. दोघे उभे, जागा नव्हती. शुक्रवार. मोठा पाऊस. कोणी बसलं नाही. बाकाला बरं वाटलं नसेल."

हरिणी वाचता वाचता थांबली. "माझी आजी अशीच बोलायची," ती हळूच म्हणाली. मग चष्मा पुसून तिनं पुढचं पान काढलं.

"आयुधपूजा. बाकाला गंध लावलं. इतक्या जणांला सांभाळतो म्हणून."

हेमावती माझ्यासमोर खाली बसली आणि तिनं कुंकवावरून बोट फिरवलं. "राजसबाई, तुम्हाला माहीत आहे? ह्या फळ्या बसस्टँडच्याच आहेत."

"मज काय माहीत? पण बसणाऱ्याला समजतंच," राजसबाई म्हणाल्या. मग त्यांनी एकदम वही हातात घेतली. "मज काढून टाकायचं तर टाका. ही वही मात्र मज पाहिजे. कोणी थांबत नाहीत म्हणून लिवलेत नं त्यांनी? कोण कोण थांबतात ते ह्यात अहे. मी कचेरीत जाऊन दाखवणार."

 हरिणीनं तपासणीचा छापील कागद पुढे ओढला. 'नुकसान' या शब्दासमोर लांब रकाना होता. तिनं बराच वेळ पेन हातात धरलं आणि मग एकच शब्द लिहिला, 'नाही.' 'कारण' या रकान्यात लिहिलं, 'वापर.' खाली सही केली. या वेळी सगळं वाचून केली.

हेमावतीनंही त्याच दिवशी ठरवलं. माझी पेटी ट्रकमध्ये चढली, पण मी नाही. पेटीत वहीच्या पानांच्या प्रती गेल्या. पुढच्या शहरात आता जमिनीवर माझ्या मापाची रिकामी चौकट असते, भिंतीवर ती पानं, आणि खाली लिहिलेलं असतं, 'बाक कामावर आहे.'

खरी वही घेऊन राजसबाई आणि शाळेच्या बाई वॉर्डाच्या कचेरीत चार वेळा गेल्या. पहिल्या दोन वेळा साहेब नव्हते, तिसऱ्या वेळी वही ठेवून जा म्हणाले. राजसबाईंनी ठेवली नाही. चौथ्या वेळी साहेबांनी ती स्वतः वाचून घेतली आणि म्हणाले, पोंगलपर्यंत थांबा राहू दे. लोक खरंच थांबतात का ते आमचा माणूस येऊन बघेल आणि मग ठरेल.

तर आता मी निळ्या खांबाला लागून फुटपाथवर आहे. चारही पायांना बोल्ट आहेत. अंगावर ऊन येतं, पाऊस येतो, माझा रंग उडतोय आणि एका पट्टीला बारीक चीर गेली आहे. गोदामात म्हणे आता कचेऱ्या होणार आहेत. होऊ देत. मी प्रदर्शनाबरोबर आलो, पण मी जाणार नाही. सेतुमाधव मंगळवार, गुरुवार, शनिवार येतात, उजव्या हातावर तळवा ठेवतात आणि अड्यारची बस येईपर्यंत सरकारला नावं ठेवतात. राजसबाईंनी दुसरी वही सुरू केली आहे. पहिली ओळ अजून तीच असते.

पोंगलला बावीस दिवस उरलेत. कचेरीचा माणूस कुठल्या दिवशी येईल ते कोणालाच ठाऊक नाही. म्हणून तुम्हाला सांगतो, कालव्याकाठच्या या रस्त्यानं कधी आलात तर नुसतं पाहून पुढे जाऊ नका. 'बसू नये'ची पाटी कधीच काढली आहे, दोरीही नाही. या, बसा. आणि जमलं तर बस येईपर्यंत उठू नका.