चाळीस मिनिटांची झोप

भोकाच्या तळाशी एक कडं उमटलं होतं. करंगळीच्या नखाएवढं, गुळगुळीत, भोवतालच्या लाकडापेक्षा जरा काळसर – ठोकळा खिडकीकडे वळवला की चमकायचं आणि थोडा फिरवला की नाहीसं व्हायचं. त्याने भिंग लावलं, भिंग काढून चष्मा पुसला, पुन्हा भिंग लावलं. कडं जागच्या जागी होतं. सात महिने ते तिथे असणार हे त्याला ठाऊक होतं; पण ठाऊक असणं वेगळं आणि असं सकाळच्या उजेडात, चहाचा कप शेजारी ठेवून, डोळ्यांनी बघणं वेगळं.

घड्याळ वर्तमानपत्राच्या तुकड्यावर पालथं पडलं होतं. डबीच्या झाकणाएवढं. अशी तयार घड्याळं दुकानात डझनाने मिळतात. आपण एखादा चांगला ठोकळा निवडायचा, घासायचा, पॉलिश करायचा, त्यात गोल भोक पाडायचं आणि घड्याळ अंगठ्याने दाबून बसवायचं. निवृत्तीनंतर हात रिकामे राहू नयेत म्हणून लागलेला नाद. नातेवाइकांत त्याचं घड्याळ नाही असं एकही घर उरलं नव्हतं, आणि बायको म्हणायची, लोक आता तुम्हाला बोलवायला घाबरतात, अजून एक घेऊन याल म्हणून. भोकाचा घेर सगळेच नीट बघतात, कारण तो सैल झाला तर घड्याळ गळून पडतं. खोली कुणी बघत नाही. घड्याळाच्या पाठीवर वेळ लावायची एक चकती असते, ती काट्यांबरोबर सारखी फिरत असते, आणि ती तळाला टेकली तर घड्याळ बंद पडत नाही – बंद पडलं असतं तर बरं झालं असतं – ते नुसतं मागे पडतं. घासत, अडखळत, कधी तासाला दोन मिनिटं, तर कधी एकदम दहा.

अर्धा मिलिमीटर कमी पडला होता. फार तर अर्धा.

आणि हे कुणाच्या हातून, तर ज्याला अख्खा कारखाना पाठीमागे ‘दशांश’ म्हणायचा त्याच्या हातून. चौतीस वर्षं तपासनीस. दशांश आला रे, अशी कुजबुज झाली की मशीनवरची माणसं अंग चोरून उभी राहायची. मिलिमीटरच्या दोन दशांशाचा फरक निघाला तरी तो लाल फुली मारायचा, आणि कुणी गयावया केली की साहेब, एवढ्याने काय होतंय, तर शांतपणे सांगायचा, एवढ्याने काय होतं ते तुम्हाला इथे दिसणार नाही, हा भाग जिथे बसेल तिथल्या माणसाला दिसेल. हे वाक्य त्याचं त्यालाच फार आवडायचं. निरोपाच्या भाषणातही त्याने ते घातलं होतं आणि टाळ्या पडल्या होत्या… त्या टाळ्या आठवल्या की आता त्याच्या कानांच्या पाळ्या गरम होतात.

ताईचं घड्याळ केलं ते घाईत. भावोजींना नुकतंच दवाखान्यातून घरी आणलं होतं, औषधं वेळेवर द्यायची होती आणि ताईचा सगळा दिवस स्वयंपाकघरात. ओट्यापाशी उभं राहून दिसेल असं एखादं दे, ती म्हणाली होती. ठोकळा जरा पातळच होता. पण त्याच्या रेषा – एका कोपऱ्यातून निघून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत कुठेही न तुटता गेलेल्या – अशा रेषा वर्षातून एखाद्या तुकड्याला सापडतात. ड्रिल अजून थोडं खाली नेलं असतं तर टोक पाठीमागून बाहेर आलं असतं आणि तो तुकडा फुकट गेला असता. म्हणून तो थांबला. मापाची पट्टी हाताशी, खणात होती. खण उघडला नाही. घरचंच तर आहे, असं मनात आलं होतं. शब्द अगदी हेच. चौतीस वर्षांत हे शब्द दुसरा कुणी त्याच्यासमोर बोलला असता तर त्याने त्याची बिनपाण्याने केली असती.

मग ती दुपार… भावोजी आत झोपलेले. चार वाजता उठवून गोळी द्यायची, असं ताईच्या मनात पक्कं. फळीवरच्या घड्याळात चार वाजले तशी ती उठली, आत गेली, तर भावोजी पलंगाशेजारी जमिनीवर. तिने त्याच मिनिटाला फोन केला. समोरचे डॉक्टर धावत आले, आणि कागदावर त्यांनी वेळ लिहिली ती चार पन्नास. जमलेल्यांपैकी कुणीतरी – वाईट हेतू नव्हता, माणसं असं विचारतात – म्हणालं, चारला बघितलं म्हणता, मग फोन पावणेपाचला कसा? आधी कळलं असतं तर वाचले असते का, यावर डॉक्टर एवढंच म्हणाले की सांगता येत नाही. ते ‘सांगता येत नाही’ तेव्हापासून त्या घरातून हललं नाही.

तो पोचला तेव्हा सव्वापाच झाले होते. कुणाला तरी पाणी हवं होतं म्हणून स्वयंपाकघरात गेला, आणि फळीवर त्याचं घड्याळ चार पस्तीस दाखवत होतं. त्याने मनगटाकडे बघितलं, पुन्हा फळीकडे. लाज वाटली. शपथेवर सांगायचं तर त्या क्षणी मनात दुसरं काही नव्हतं, फक्त लाज, की एवढी माणसं जमलीत आणि माझं काम चुकतंय… त्याने ते उपसलं, चकती फिरवून वेळ बरोबर केली आणि परत बसवलं, या खेपेला सैलसर. वीस सेकंदांचं काम. पाणी घेऊन बाहेर आला, तेव्हा ताई म्हणत होती, ‘माझा डोळा लागला असणार. मला कळलंच नाही.’

तेव्हाच बोलायला हवं होतं. तोंडाशी आलंही होतं. पण घर माणसांनी भरलेलं, अशा वेळी घड्याळाचं काय घेऊन बसायचं, उद्या सांगू. उद्याही घर भरलेलंच होतं. मग आठवडा गेला, आणि पहिल्या दिवशी जी नुसती चूक होती तिचं आठवड्यानंतर काहीतरी वेगळंच झालं होतं, ज्याला नाव द्यायची त्याची छाती नव्हती. तो मूग गिळून बसला. ताई विसरेल, असं त्याने स्वतःला समजावलं; माणूस गेल्याचं दुःख मोठं असतं, त्यात चाळीस मिनिटांचा काय हिशेब.

ताई विसरली नाही. काल भाची येऊन घड्याळ देऊन गेली – बंद पडलंय मामा, सेल संपला असेल, आई म्हणाली बघून दे – आणि निघता निघता दारातच थांबून तिने सगळं सांगितलं. पुढच्या महिन्यात तिला कामावर रुजू व्हायचंय, बाळ पाच महिन्यांचं, आणि आई त्याला दिवसभर सांभाळायला साफ नाही म्हणते. मी झोपते गं, म्हणते, बसल्या बसल्या झोपते आणि मला कळतसुद्धा नाही, माझ्यावर पोर सोपवू नकोस. दुपारी आडवी होणं तिने केव्हाच सोडलंय. पाठ टेकायला नको म्हणून स्टुलावर बसते. परवा एकटीच डॉक्टरकडे जाऊन विचारून आली की माझं डोकं कामातून जातंय का. भाची हे सांगताना हसायला गेली आणि तिला ते जमलं नाही. रात्रभर त्याच्या डोळ्यांसमोर ते बिनपाठीचं स्टूल होतं.

आज सांगायचं. त्याने सकाळी दाढी करताना ठरवलं होतं. घड्याळ घेऊन जायचं, तिच्यासमोर उघडायचं, हे कडं दाखवायचं – हे बघ ताई, तू झोपली नव्हतीस, माझ्या हाताने घात केला. पुराव्यासकट. तपासनिसाने जसं सांगावं तसं.

हे मनात घोळत असतानाच त्याने पटाशी उचलली होती. भोक खोल करायला तर हवंच होतं, कधी ना कधी… दोन वेळा, फार तर तीन वेळा पटाशी तळाशी फिरली, कागदावर भुसा पडला, आणि त्याने भिंग लावलं तेव्हा आत नुसतं फिकं, कोरं लाकूड होतं. त्या दिवशीसुद्धा हात असाच आधी गेला होता. माझे हात माझ्यापेक्षा हुशार आहेत, त्याला वाटलं.

बायकोने आतून विचारलं, चहा गार झाला का. तो म्हणाला, प्यायलो.

दुपारी तो ताईकडे गेला. स्वयंपाकघरात ती त्याच स्टुलावर बसून बाळाच्या झबल्यांच्या घड्या घालत होती. डोळ्यांखाली काळं झालेलं. त्याने घड्याळ फळीवर ठेवलं, खुर्ची ओढली, आणि उसनं अवसान संपायच्या आत बोलून टाकलं: भोक उथळ होतं, चकती तळाला घासत होती, त्या दिवशी घड्याळ चाळीस मिनिटं मागे होतं. कडं आता नव्हतं, पण ताईने पुरावा मागितलाच नाही.

‘म्हणजे मी झोपले नव्हते?’

‘नाही.’

तो वाट बघत होता. ती ओरडेल, घड्याळ उचलून फेकेल, तुझ्यामुळे गेले म्हणेल. या सगळ्याला त्याने मनातल्या मनात मान खाली घातलेलीच होती. ताई हळूहळू बोलायला लागली. ‘मी त्यांच्या सदऱ्याला बटण लावत होते. पहिल्यांदा उलटं लागलं, म्हणून उसवलं. मग समोरच्या बाल्कनीतली बाई चादर झटकत होती. मग मी दूध तापवलं. मला सगळं आठवतंय रे. मी स्वतःला सांगत होते, हे तुला स्वप्न पडलं असेल.’ तिचा आवाज बारीक झाला. ‘सात महिने मी म्हणतेय, ते स्वप्न होतं.’

मग तिने त्याच्याकडे बघितलं. ‘तुला कधी कळलं?’

सगळ्या प्रश्नांची तयारी केली होती, याची नाही. प्रश्न साधा होता. तिच्या डोळ्यांत संशय नव्हता, नुसतं विचारायचं म्हणून तिने विचारलं होतं. अर्धा मिलिमीटर तिने क्षणात माफ केला होता, हे त्याला दिसत होतं. आता फक्त सात महिने उरले होते. त्या दिवशीच, असं म्हणायचं. दोन शब्द.

‘आज,’ तो म्हणाला. ‘सकाळी उघडलं तेव्हा.’

ताई उठली. स्टूल मागे सरकल्याचा आवाज झाला. ती त्याच्या खुर्चीपाशी आली आणि तो लहान असताना ताप आला की फिरवायची तसा तिने त्याच्या पाठीवरून हात फिरवला. ‘आणि सकाळपासून हे एकटाच घेऊन बसलास? निदान बायकोला तरी सांगायचंस. एवढं मनाला लावून घेऊ नकोस रे. तू काय मुद्दाम केलंस?’

त्याला रडू फुटलं. खोटं नव्हतं ते, त्याने स्वतःला तपासून बघितलं. पोटातून येत होतं, सात महिन्यांचं होतं, फक्त ज्या गोष्टीसाठी ताई त्याला उगी करत होती त्या गोष्टीसाठी नव्हतं. एका हाताने त्याला थोपटत दुसऱ्या हाताने तिने लेकीला फोन लावला आणि म्हणाली, सोमवारपासून आण गं बाळाला, मी बघते. आणि तिच्या आवाजात इतक्या दिवसांनी काहीतरी सरळ उभं राहिलेलं त्याने ऐकलं. आता खरं सांगितलं तर हेही मोडणार, की मोडणार नाही… की मोडेल असं वाटणं ही आणखी एक सोय आहे, माझ्या हातांसारखी माझ्या आधी धावणारी? त्याला कळेना. पाठीवरचा हात फिरत होता. त्यावर आपला काडीचा हक्क नाही, हे त्याला स्वच्छ दिसत होतं, आणि इतकं बरं त्याला सात महिन्यांत कधी वाटलं नव्हतं. तिने हात काढावा असं त्याला वाटत होतं, आणि ती काढेल या भीतीने तो हलत नव्हता.