करपलेले धणे आणि मी

“आत्या, मसाला करताना तू दार का लावून घेतेस गं?”

मित्रांनो, हा प्रश्न विचारायची पैज भिंगरीला तिच्या मैत्रिणींनी लावली होती. भिंगरी म्हणजे आमच्या घरातली शाळकरी मुलगी. एका जागी उभी राहील तर शपथ! तिने दार ढकललं, प्रश्न टाकला आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली. आत्याचा हात हवेतच थांबला. मला सगळं दिसत होतं, कारण मी तिच्या पायांशी जमिनीवरच बसलो होतो. मी या घरातला जुना, लोखंडी खलबत्ता.

माझा जन्म भट्टीतला. ओतारी कारागिराने वाळूच्या साच्यात लालभडक रस ओतला आणि निवल्यावर मी बाहेर आलो, काळा, जाडजूड, आतून खरखरीत. आत्या तेव्हा तरुण होती. तिने मला घरी आणून आधी जाडं मीठ आणि तांदूळ कुटले. करडी पूड निघाली, ती फेकली. पुन्हा कुटलं, पुन्हा फेकलं. म्हणजे माझी पहिली कामगिरी थेट केराच्या टोपलीत! तांदळाचं पीठ पांढरंच राहायला लागलं, तेव्हा कुठे मला मसाल्याचा मान मिळाला.

आमच्या पुढच्या खोलीत खाणावळ आहे. भिंगरीचे बाबा मासळी तळतात, मटण भाजतात, आई वाढते आणि मसाला आत्याचा. सुक्या मिरच्या, धणे, मिरी, लवंग, बडीशेप. एकेक जिन्नस वेगळा भाजायचा, कारण प्रत्येकाची घाई वेगळी. मासळीला चोळायचा मसाला बारीक चाळायचा, मटणाचा जाडसर ठेवायचा. गिऱ्हाईकं बोटं चाटायची आणि कौतुक व्हायचं मासळीचं. माझं नाव कोणीच घेत नसे. चालायचंच!

हल्ली मात्र ताटांत मासळी उरायला लागली. “कडवट लागतंय,” असं लोक म्हणायचे. शेवटी बाबांनी तयार मसाल्याची पाकिटं आणली. “ताई, खूप केलंस. आता आराम कर,” ते म्हणाले आणि माझ्याकडे बघून, “हा भंगारात देऊन टाकू.” आत्याचं तोंड एवढंसं झालं. “एकदा करून बघते,” ती म्हणाली. “नाही जमलं, तर वापरा तुमची पाकिटं.”

नेमका तोच मसाला चालू असताना भिंगरी आत घुसली होती.

“दार का लावते? तुझ्यासारख्या मुली येऊन शिंकतात आणि माझा मसाला उडवतात म्हणून!” आत्याने उडवून लावलं. पण भिंगरी हलली नाही. आत्याने तव्यावर धणे टाकले आणि हलवत राहिली.

“आत्या, करपलं!”

“कुठे? अजून रंग तरी आलाय का?”

“अगं, वास येतोय की!”

आत्या वाकून धणे निरखू लागली. भिंगरीनेच फडक्याने तवा उतरवला आणि हळूच विचारलं, “तुला येत नाही वास?”

मित्रांनो, मला हे ठाऊक होतं. मागच्या आजारात ताप गेला, तो आत्याची वासाची जाण घेऊनच गेला. तेव्हापासून ती दार लावून अंदाजाने भाजायची, कच्चं राहू नये म्हणून जरा जास्तच. पण मी सांगणार कसा? मला तोंड आहे, पण ते कायम मिरच्यांनी भरलेलं!

“बाबाला बोलू नकोस हं,” आत्या म्हणाली. “हे पण गेलं तर या घरात मी करू काय? जेवू आणि झोपू?”

भिंगरी चक्क खाली बसली. “दुसरे धणे काढ.” तिने तव्यावर नाक नेलं. “थांब... थांब... आता!” आत्याने तवा उतरवला. मिरी, लवंग, मिरच्या, सगळं तसंच झालं. मग कुटायची वेळ आली. इथे आत्याला नाक लागतच नाही. माझा ठणठणाट कमी झाला की तिला कळतं, मसाला बारीक झाला. भिंगरीने बत्ता हातात घेतला आणि अर्ध्या मिरच्या बाहेर!

“अगं, भांडतेयस का त्याच्याशी? पडू दे की त्याच्या वजनाने!”

दोघी इतक्या हसल्या, की मसाला खरंच उडाला.

संध्याकाळी ताटांत नुसते काटे परत आले. बाबा एकेक ताट बघत होते. “ताई, आज काय घातलंस गं?”

आत्याने भिंगरीकडे पाहिलं. “तूच सांग. नाक तुझं आहे.”

मित्रांनो, मला वापरून झालं की कोरडं पुसा, तेलाचा हात फिरवा, नाहीतर मी गंजतो. आणि घरातल्या माणसाचं काम बिघडायला लागलं, तर हातातलं काढून घेण्याआधी शेजारी बसून विचारा तरी, काय होतंय ते. माणूसही रिकामा बसवला की गंजतोच.

भिंगरीने घसा साफ केला. “आई, बाबा, ऐका. आत्याला वास येत नाही, म्हणून धणे करपत होते. मसाला तीच करणार. भाजताना वास मी घेणार, दर रविवारी, मैत्रिणी बोलवायला आल्या तरी. ती पाकिटं परत करून या. मी विचारत नाहीये हं, सांगतेय.”