बावीस दिवसांचा खोकला

चुलीवरच्या दुधाच्या गंजाची झाकणी खडखडली आणि माणिक दचकून उठला. घटकाभर घर कसं निवांत झालं होतं. मी दळण निवडत होते, पण कान त्याच्याकडेच होते. आता खोकतो की काय, म्हणेपर्यंत तो खोकलाच. कोरडा, खरखरीत, एकामागून एक. सहा महिन्यांच्या एवढ्याशा छातीत एवढा आवाज मावतो तरी कुठं!

आज बाविसावा दिवस. अडुळसा झाला, ओव्याची पुरचुंडी झाली. सासूबाई रोज तिन्हीसांजेला मीठ-मोहऱ्या उतरवत, त्या चुलीत तडतडत, आणि खोकला आपला होता तिथंच.

मी माजघरातून त्याला उचलून आणलं. ते अर्धं माजघर तेव्हा कापसाचंच होतं. सरकारी खरेदी केंद्रावर आमचा नंबर लागेपर्यंत सगळी वेचणी तिथंच, पार आढ्यापर्यंत.

"आत्याबाई, याले डाक्टरले दाखवून आनू काय?" मी सासूबाईंना विचारलं.

"काहून? ताप हाय?"

"नाई."

"पिऊन राह्यला न?"

"पिते. पन मधीच सोडते."

"मंग? खोकलाच त हाय. खोकल्यासाठी कोनी डाक्टरकडे जाते काय वो? उद्या शिंक आली त अकोल्याले नेशीन!"

मलाही हसू आलं. सकाळी माणिकच्या बाबांनीही घाई नको असंच सांगितलं होतं, "चार दिवसांत नंबर लागन. कापसाची गाडी शेलूबाजारले जाईनच, तवा तूबी चाल. दोन खेपा कायले?" त्यांचंही चुकत नव्हतं. ताप नाही, पोरगं हातपाय हलवतं आहे. मग बाविसाव्या दिवशी जायचं की सव्विसाव्या, हे मला कोण सांगणार?

तेवढ्यात दुर्गा आली. आमची थोरली, पाच वर्षांची. तिनं डोक्यावर वाटी पालथी घातली आणि भावापुढे नाचू लागली. माणिक खुदकन हसला, आणि हसता हसताच त्याला उबळ आली. तोंड लालेलाल झालं. उबळ ओसरल्यावर दुर्गानं पुन्हा वाटी डोक्यावर घेतली. या वेळी त्यानं ओठ घट्ट मिटले. तिच्याकडे टुकुटुकु बघत राहिला, पण हसला नाही.

हसायला भ्याला होता तो.

मी पदर खोचला. "दुर्गा, चप्पल घाल."

"अव पन माह्या शेषाले त येऊ दे वावरातून!" सासूबाई म्हणाल्या.

"ते येईस्तोर दवाखाना बंद होईन, आत्याबाई."

त्या पुटपुटत उठल्या. मला वाटलं, आता अडवतील. पण त्यांनी खुंटीवरचं टोपडं काढून माणिकच्या डोक्याला बांधलं. "वाऱ्यात कान उघडे नको ठेवू त्याचे," एवढंच म्हणाल्या.

शेलूबाजार दीड कोस. रस्ताभर मी त्याच्या पाठीवर हात ठेवून श्वास चाचपत होते. मधेच वाटे, उगीच निघालो; लोक हसतील. मधेच वाटे, पंधरा दिवस आधीच निघायला हवं होतं.

डॉक्टर म्हातारे होते. नळीचं थंड टोक त्यांनी आधी तळहातावर चोळून गरम केलं, मग माणिकच्या छातीला लावलं. पुढून ऐकलं, पाठीवरून ऐकलं. मी त्यांच्या भुवयांकडे बघत होते.

"छाती साफ आहे, बाई."

मी बाकावर टेकले.

त्यांनी माणिकच्या मानेच्या वळीतून चिमटीनं काहीतरी काढलं. पांढरा तंतू. कानामागून आणखी एक. "हा निजतो कुठं?"

मी सांगायच्या आत दुर्गाच म्हणाली, "कापसावर! आमच्या आजीनं गादी केली त्याले. लय मऊ हाय."

खरंच होतं. ढिगाच्या कडेला खळगा करून, त्यावर जुनं लुगडं अंथरून सासूबाईंनी नातवाची जागा केली होती. अशी गादी राजाच्या घरीबी नसन, असं त्या आल्यागेल्याला सांगत.

डॉक्टर हसले नाहीत. "मऊ आहे, पण त्याची सगळी धूळ याच्या नाकात चाललीय. आजपासून त्या खोलीत नेऊ नका. आठ दिवसांत फरक दिसेल. श्वास घेताना बरगड्या आत ओढल्या किंवा दूधच सोडलं, तर मात्र गाडीची वाट बघायची नाही, त्याच दिवशी यायचं." मग दुर्गाकडे बघून विचारलं, "हिलाही होता का असा खोकला, लहानपणी?"

"होता. हिवाळाभर. होळीच्या आधी आपसूक गेला."

"आणि कापूस कधी विकला होता?"

मी आठवलं. "होळीच्या आधीच."

त्यांनी चिठ्ठी लिहिली.

घरी आल्यावर सासूबाईंना सांगताना माझी जीभ अडखळत होती. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "म्या त मऊ म्हून केलं होतं वो," एवढंच म्हणाल्या. मग स्टुलावर चढून, मला हात लावू न देता, त्यांनी पाळण्याचा दोर पुढच्या खोलीच्या आढ्याला बांधला आणि चार वेळा ओढून बघितला.

मी परातीतल्या कोमट पाण्यानं माणिकच्या मानेच्या वळ्या पुसत होते. किती हलकं वाटत होतं! त्यानं पाणी उडवलं आणि न खोकता एकदा हसला. दुर्गा परातीशी उकिडवी बसून सगळं बघत होती.

"माय, मलेबी असाच खोकला होता न?"

"हो वो बाई."

"मंग मले काहून नाई नेलं डाक्टरकडे?"